तीन महिन्यांची सुई आणि मंगळाईची चढण

मंगळवार पेठ, सातारा
३ मार्च १९७४

लीला,

नणंद म्हणून नमस्कार आणि मैत्रीण म्हणून पाठीत एक धपाटा. धपाटा कशाबद्दल, ते पुढे वाच.

संक्रांतीला हळदीकुंकवाचं निमित्त करून तू मला सांगलीला बोलावलंस आणि वखारभागातल्या तुझ्या डॉक्टरीणबाईंकडून ती सुई टोचवलीस. तीन महिने निर्धास्त, असं म्हणालीस. निर्धास्त आहे खरी. पण तीन महिने अशी भूक लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी भाकरी खाऊन शाळेत जाते, तर दुसऱ्या तासालाच मला मुलींच्या डब्यांचे वास यायला लागतात. काल फळ्यावर लिहायला हात वर केला आणि पोलकं काखेपासून कमरेपर्यंत उसवलं. उरलेला तास मी फळ्याला पाठ लावून शिकवला. मुली म्हणाल्या, बाई आज किती ताठ उभ्या आहेत.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पाळीच येत नाही. आता तुझ्या माहेरात ही गोष्ट लपते का, तूच सांग. महिन्यातले तीन दिवस मी मागच्या पडवीत बाजूला बसते हे आपल्या दूधवाल्यालासुद्धा पाठ आहे. गेल्या महिन्यात बसले नाही, तेव्हा आत्याबाईंनी, तुझ्या मातोश्रींनी, आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे आणि मग देव्हाऱ्याकडे. तुझे बंधुराज जानेवारीत फौजेतून आठ दिवस रजेवर येऊन गेलेले, त्यामुळे आत्याबाईंनी काय ताडलं असेल ते वेगळं सांगायला नको. तेव्हापासून माझ्या ताटात तुपाची धार थांबत नाही.

लीला, हसतेय खरी, पण मनात धास्ती आहे. धाकटीच्या वेळी तू स्वतःचं रक्त दिलंस म्हणून मी उठले. आणखी एक बाळंतपण झालं तर मी तुम्हाला शब्द देत नाही, असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या. तांबी बसवली तर अंगावरून जायचं थांबेना. गोळ्या आणल्या, त्या थोरलीने भातुकलीत पाहुण्यांना वाढल्या. ऑपरेशन करायचं तर आत्याबाईंना सांगावं लागेल, आणि त्या तर तीन नातींवर आता नातवाचं नावही ठरवून बसल्यात. यांना विचारलं तर म्हणाले, "सीमेवर पाठव, जातो. आईला सांगायला पाठवू नकोस." म्हणजे माझ्या हातात राहिली ती ही एकच सुई. ती सोडता येत नाही आणि सोसवतही नाही. बाईंना विचार आणि लवकर कळव. पत्र शाळेच्या पत्त्यावरच घाल.

तुझी (वाढती)
शालन


सांगली
९ मार्च १९७४

वहिनीसाहेब,

धपाटा पोचला. तुझं पत्र वाचून इतकी हसले की ह्यांना वाटलं माझी बढतीच झाली.

लगेच बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, घाबरायचं काही कारण नाही. भूक लागते ती औषधाने, आणि वजन वाढतं ते त्या भुकेचं ऐकल्याने. पाळी थांबते तीही त्याच औषधाने. आत रक्त साठतं वगैरे बायका बोलतात, तसं काही नसतं. पण एका गोष्टीवर त्यांनी चष्मा काढला. "हिच्या वडिलांना मधुमेह होता ना?" म्हणाल्या. या सुईने काहींच्या अंगात साखर वाढू शकते. म्हणून दर महिन्याला साताऱ्याच्या दवाखान्यात लघवी तपासून घ्यायची. तिथे निळं औषध घालून तापवतात. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवट झालं तर थोडी आहे, विटेच्या रंगावर गेलं तर फार. वाढतच गेली तर सुई बंद करावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग तुझं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तेव्हा गूळ बंद, पेढे बंद, आईचं तूप बंद. घाम येईपर्यंत रोज चालायचं आणि रात्रीचं जेवण लवकर. माझ्या शेजारच्या गुणमाला अक्कांची तुला आठवण असेल, हळदीचे व्यापारी वर्धमान शेटे यांच्या मंडळी. त्या हीच सुई घेतात आणि अजून लग्नातलं पोलकं घालतात. मी गुपित विचारलं तर म्हणाल्या, "गुपित कसलं? आमच्यात दिवस बुडाला की खात नाहीत." बाईंनी ऐकलं तर म्हणाल्या, औषधाच्या दुकानात मिळणार नाही असा हा उपाय आहे, तुमच्या वहिनीलाही सांगा.

आता राहिला आईचा प्रश्न. त्यात अवघड काय आहे? पाळी येत नसली तरी पडवी कुठे गेलीय? ठरलेल्या तारखेला चटई टाक आणि बस. आईचा नातू तिथल्या तिथे मावळेल.

तुला भडंग पाठवणार होते. बाईंचं ऐकून आता मीच खाल्लं.

लीला


सातारा
२८ मार्च १९७४

लीला,

तू शिक्षिका झालीस हे सरकारचं नशीब. नाहीतर तुला पकडायला माणसं ठेवावी लागली असती.

बसले. सकाळी उठून पोट धरलं, तोंड वाकडं केलं आणि चटई घेऊन पडवीत गेले. लीला, खरी पाळी असते तेव्हा कंबर मोडते आणि डोकं फुटतं, त्यामुळे या सुटीची गोडी मला आजवर कळलीच नव्हती. तीन दिवस ना चूल, ना धुणं, ना पाणी. वाचनालयातली जाड कादंबरी संपवली. आत्याबाई लांबून ताट सरकवायच्या. हुलग्याची शेंगोळी, झुणका, गरम भाकरी. देवाला फसवलं असंही नाही, मी तर शुद्धच होते. दुसऱ्या दिवशी त्या परसात कपड्यांच्या दोरीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काय न्हाई. तू बस."

नातू मावळला. तूपही थांबलं. एक संकट टळलं.

मग गुणमाला अक्कांचा उपाय सुरू केला. आपल्या घरात नुसतं 'भूक नाही' म्हटलं की सतरा प्रश्न. म्हणून सांगितलं, मी नवस बोललेय. दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही आणि रोज पहाटे किल्ल्यावर मंगळाईच्या पाया पडायचं. अजिंक्यताऱ्याची ती चढण तुला आठवतेच. घाम तर येतोच, वर जाईपर्यंत देवही आठवतो. "कशाचा नवस?" आत्याबाईंनी विचारलं. मी म्हटलं, सांगायचा नसतो. आपली चालरीत किती उपयोगाची आहे बघ.

आणि आता खरी गंमत. चौथ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं, तर आत्याबाई हातात काठी, पायात वहाणा, तयार.

"कुठं निघालात?"

"मंगळाईला. माझाबी नवस हाय."

"कशाचा?"

"सांगायचा नसतोय."

तेव्हापासून आम्ही दोघी रोज चढतोय. त्या गुडघे धरून, मी पोट आवळून. वाटेत दोनदा बसतो, एकमेकींच्या नवसाबद्दल एक अक्षर बोलत नाही. वर गेल्यावर त्या देवीपुढे इतका वेळ डोळे मिटून उभ्या राहतात की माझं सगळं मागून संपतं आणि मी तटावरचं गवत बघत बसते.

शालन


सांगली
४ एप्रिल १९७४

शालन,

त्या मंगळाईची मला दया येते. सून पहाटे जाऊन म्हणते, देऊ नकोस. सासू तिच्याच शेजारी उभी राहून म्हणते, दे. देवीने कुणाचं ऐकायचं?

आईचा नवस दुसरा कसला असणार? मीच तिच्या पोटची, मला कळत नाही का? तिचा म्हसवडच्या सिद्धनाथाकडे नातू मागून झाला, आता साताऱ्यातला अर्ज टाकला असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. चढू दे तिला, तिच्याही गुडघ्यांना बरंच आहे.

दुसरी सुई या महिन्याच्या मध्यावर. वर्षाची हळद घ्यायला सांगलीला जाते म्हण. त्यात खोटंही नाही, वर्धमानशेट हळद चांगलीच देतील. येण्याआधी तिथे लघवी तपासून घे आणि रंग कळव.

लीला


सातारा
१९ मे १९७४

लीला,

तुझ्याकडून सुई आणि हळद घेऊन आले त्याला महिना झाला. शाळेला सुटी लागली तरी पत्र तिथेच घाल, शिपाई ठेवून देतो. आधी चांगली बातमी. एप्रिलात हिरवट आलेलं ते निळं औषध परवा निळंच राहिलं. तपासनिसाने नळी उजेडात धरली तेव्हा मला ती निळाई घरी घेऊन जावीशी वाटली. वजन उतरलं असं म्हणवत नाही, पण थांबलंय. जुन्या पोलक्याच्या दोन गुंड्या लागतात. भूक अजून येते, पण संध्याकाळी अंधार पडला की तीही निघून जाते.

बाटलीचा एक किस्सा झाला. सकाळी भरून कोनाड्यात ठेवली आणि वेणी घालायला गेले, तेवढ्यात आत्याबाईंच्या हाती लागली. "ह्ये काय?" मी म्हटलं, शाळेतल्या प्रयोगाचं पाणी, तेही भर सुटीत. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि बाटली जागच्या जागी ठेवली. मी तिथून पळाले आणि न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

पण लीला, त्या दिवसापासून आत्याबाई बदलल्यात. नातवाचा विषय काढत नाहीत. पेठेतल्या कुणी काढला तर उठून आत जातात. मला हंडा उचलू देत नाहीत. धाकटीला आपल्या कुशीत घेऊन निजतात. परवा मला न विचारता माझ्या केसांना तेल लावत बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "तुज्या अंगात ताकद हाय न्हवं?" मी म्हटलं, आहे की. त्यावर त्यांनी डोळे पुसले. वर देवीपुढे तर रोजच पुसतात.

हे सगळं नातवासाठी आहे, असं तूच म्हणतेस. इतकं मागणं मी कधी कुणाचं पाहिलं नाही. त्या इतक्या मायेने वागायला लागल्यात की मला माझीच लाज वाटते. रेल्वेच्या संपामुळे यांची रजा लांबलीय, नाहीतर यांच्यापाशी बोलले असते. काल किल्ला उतरताना आत्याबाईंचा पाय घसरला, मी धरलं, आणि मनात आलं की सोडून द्यावी ती सुई. द्यावा म्हातारीला तिचा नातू. माझं होईल ते होईल.

शालन


सांगली
२६ मे १९७४

शालन,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस. आणि वाचून होईपर्यंत सुईबद्दल काहीही ठरवू नकोस. तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींसाठी मी तुला पानभर शिव्या लिहिल्या होत्या. त्या फाडल्या, कारण काल दुपारी दारात आई उभी.

एकटी, एसटीने. म्हसवडला भावाकडे जाते म्हणून तुला सांगून निघाली ना? गेलीच नाही तिकडे. पाणी दिलं, घेतलं नाही. गुणमाला अक्का बसल्या होत्या, त्या उठायला लागल्या तर त्यांना म्हणाली, "थांबा तुमीबी." मग माझ्याकडे वळली.

"लीले, शालनच्या पोटात काय हाय?"

मी म्हटलं, काही नाही ग आई.

"प्वार न्हाई ते मला ठावं हाय. दुसरंच हाय कायतरी. शिमग्यापास्नं बघतीया. बाजूला बसती, पर दोरीवर एक फडकं वाळत न्हाई. पाळी बंद हाय आन् बसायचं सोंग करती. अंगानं सुजली. दिस बुडाला की तिला अन्न जात न्हाई. बाटलीत मूत भरून कुठंशी नेती आन् मला म्हणती शाळंतलं पाणी हाय. हळदीचं नाव करून सांगलीला डाक्तरकडं येती. माझी भन सुला अशीच गेली, लीले. अशीच फुगली, अशीच हसत व्हती, आन् पोटात गाठ निघाली."

शालन, आपण दोघी ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या आलेल्या, आणि दोरीवर चार फडकी वाळत घालावीत हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आईच पुढे म्हणाली, "म्या मंगळाईला सांगितलंय. नातू नगं मला. जल्मात मागणार न्हाई. ह्या पोरीला तेवढी राहू दे."

मी रडायला लागले. ते पाहून आई मटकन खाली बसली आणि म्हणाली, "म्हंजी खरं हाय." तेव्हा मात्र मी भानावर आले. रडत, अडखळत सगळं सांगितलं. सुई काय असते, कशाला घेतलीस, अंग का भरलं, पाळी का थांबली, बाटली कशाची. आईचा विश्वासच बसेना. शेवटी गुणमाला अक्कांनी बाही वर सारली आणि आईला दंड दाखवला. "मीबी घेते, मनुबाई. बघा, हितं टोचतात. मेले का मी?"

आईने तो दंड नीट पाहिला. मग उठली आणि माझ्या पाठीत असा रट्टा घातला की अजून दुखतोय. "आन् मी रोज त्यो डोंगूर चढती व्हय, गुडघं धरून?" म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिचा पदर सुटला, अक्का हसल्या, मी हसले.

एकदम थांबली. "आन् नातू?"

अक्कांनी वर सारलेली बाही खाली ओढली.

"म्हंजी मी देऊन बसले की गं." तिने अक्कांना विचारलं, दिलेला शब्द परत घेता येतो का. अक्का म्हणाल्या, आमच्यात तरी नाही येत. "आमच्यातबी न्हाई," आई म्हणाली, आणि बराच वेळ ती मंगळाईवरच रागावून बसली. "रोज वर जात व्हते. तिनं तरी सांगायचं, पोरगी धडधाकट हाय म्हणून."

संध्याकाळी तिला बाईंकडे घेऊन गेले. धाकटीच्या वेळी तुझं किती रक्त गेलं हे आपण तिला कधी सांगितलंच नव्हतं. बाईंनी सांगितलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर काय होईल तेही सांगितलं. गुरुवारी सकाळच्या गाडीने ती निघतेय, तोवर हे पत्र तुला मिळेल. घरी येऊन काय करेल, मी सांगू शकत नाही. तू दार उघड आणि पाया पड.

लीला


सातारा
८ जून १९७४

लीला,

दार उघडलं आणि पाया पडले. आत्याबाई "व्हय" एवढंच म्हणाल्या, हातपाय धुतले आणि निजल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला रात्रभर डोळा लागला नाही.

पहाटे त्यांनीच हाक मारली. "ऊठ. चढायचं न्हाई व्हय?" आम्ही निघालो. निम्म्या वाटेवर नेहमीच्या दगडावर बसलो तेव्हा मी म्हटलं, आत्याबाई, मी तुम्हाला फसवलं. त्या म्हणाल्या, "फसिवलंस. त्याचं मी मागनं बघीन." आणि मग खाली आपल्या पेठेच्या कौलांकडे बघत जे बोलल्या ते मी तुला जसंच्या तसं लिहिते.

"मला नातू पायजे व्हता. अजूनबी वाटतंय, खोटं कशाला बोलू? पर बाईनं सांगितलं तवा मी इचार केला. तू गेली असतीस, तर वरसाच्या आत लोकांनी मानसिंगला दुसरी आणली असती. तिला ल्योक झाला असता. मग ह्या माझ्या तिघी त्याच्या पाळण्याची दोरी वढत बसल्या असत्या. त्यांच्याकडं कुणी बघितलं असतं?"

लीला, मी तिथेच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माझ्या आईपाशी मी अशी कधी रडले नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडू नगंस, अजून निम्मी चढण हाय, दम लागंल." वर जाऊन त्यांनी देवीपुढे मोठ्याने सांगितलं, पुजारी ऐकत होता तरी. "दिलं ते दिलं. आता हिला संबाळ."

घरी येऊन त्यांनी दोन हुकूम काढले. सोंग असलं तरी मी महिन्याचे तीन दिवस पडवीत बसायचं, कारण तेवढाच इसावा. आणि जुलैतल्या सुईला त्या माझ्याबरोबर येणार. बाईंना विचारून ठेव, टोचताना त्यांनी माझा हात धरला तर चालेल का.

संप मिटला आणि हे काल आले. बंधुराजांना अजून यातलं काही माहीत नव्हतं. आत्याबाईंनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं. ट्रंक अजून खांद्यावर होती.

"मानसिंग, तुला ल्योक व्हनार न्हाई. म्या देवीला देऊन टाकला. काय बोलायचं आसंल तर वर जा आन् तिच्यासंगं बोल."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे हळूच ट्रंक खाली ठेवून "बरं" म्हणाले, आणि तुझ्या तिन्ही भाच्यांना एकदम उचलायला गेले. दोघीच मावल्या. तिसरीला आत्याबाईंनी घेतलं.

तुझी
शालन